जी२९ साठी लोखंडी कॉकपिट, १२ हजारांत: पाइप कोणता, सीट कुठली?

थर्डगिअर_लातूर

लॉजिटेक जी२९ चा सेट आहे, म्हणजे कार-रेसिंग गेमचं स्टिअरिंग, पेडलसकट. सध्या स्टिअरिंग टेबलाला क्लॅम्प केलंय आणि पेडल भिंतीला टेकवलेत. ब्रेक जोरात दाबला की चाकांची खुर्ची मागे पळते. सीट धरून सांगाडा १२ हजारांत बसवायचाय. उंची ५ फूट ७ इंच, मॉनिटर २७ इंची, गेम पीसीवर.

फॅब्रिकेशनवाला म्हणतो २५ चा १८ गेज चौकोनी पाइप बास होतो. होतो का? सीट कुठली घ्यावी? आणि पुढे लोडसेल ब्रेक (पेडल किती सरकलं ते नाही, किती जोरात दाबलं ते मोजणारा) लावायचा झाला तर आत्ताच काय सोय ठेवावी?

गुण्या_ग्राइंडर

१८ गेज नको. तुमचं वजन तो आरामात पेलेल, पण ब्रेकवर लाथ बसली की लवेल, आणि लवणाऱ्या सांगाड्यावर पायाला अंदाजच येत नाही. ४० बाय ४० चा १४ गेज, म्हणजे २ मिमी जाडीचा घ्या. २५ बाय २५ च्या १.२ मिमी पाइपपेक्षा तो जवळपास ७ पट ताठ असतो. वजन मीटरला साधारण २.४ किलो, ६ मीटरचा नग १४ किलोच्या थोडा वर. दोन नगांत सगळं बसतं. दुकानात नगावर नाही, किलोवर भाव विचारा आणि काट्यावर वजन करून घ्या. पाइप हलका भरला तर तो २ मिमी नाही. (जालन्यात लोखंडाच्या मिल आहेत म्हणून तिकडे धावू नका. तिथल्या मिलचा मुख्य माल सळई आहे, चौकोनी पाइप तुम्हाला लातुरातच मिळेल.)

पहिल्या नगातून: १३५० मिमीचे २ तळाचे, ६२० चे २ खांब, ४८० चे ४ आडवे. कापाची घट धरून ५८९० च्या आत येतं. दुसऱ्यातून: स्टिअरिंगखालचा ४८० चा १ आडवा, ३५० चे २ तिरके टेकू, पेडलखालचे ४०० चे २. उरलेल्यात मॉनिटर स्टँड होतो: ११०० चे २ खांब, ७०० चा १ आडवा, ५०० चे २ पाय. स्टँड सांगाड्याला जोडू नका. फोर्स फीडबॅकचा, म्हणजे स्टिअरिंगमधल्या मोटरच्या झटक्यांचा, थरथराट स्क्रीनवर उतरतो आणि डोळे शिणतात.

पण खांब कापायच्या आधी सीट विटांवर ठेवून बसून बघा. पाठ टेकवून हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. ही दोन मापं जमली की बाकीची आपोआप निघतात.

स्टिअरिंगचा आडवा वेल्ड करू नका. दोन्ही टोकांना अँगलचे तुकडे लावा, खांबांना ३० मिमीवर भोकं पाडा, म्हणजे वर-खाली करता येईल. पोकळ पाइपमधून आरपार बोल्ट कसला की पाइप चेपतो, मग बोल्ट कधीच घट्ट राहत नाही. भोकात आतून पाइपचा छोटा तुकडा बुश म्हणून घाला, नाहीतर दोन्ही बाजूंना ५ मिमी पट्टीचे वॉशर.

वेल्डिंगला २.५ चा रॉड. ३.१५ ने २ मिमी पाइपला भोक पडतं. आधी सगळीकडे फक्त टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके. मग गुण्या (काटकोनाची पट्टी) लावा, दोन्ही कर्ण मोजा. २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर तिथेच ठोकून सरळ करा. त्यानंतर समोरासमोरचे सांधे आलटून-पालटून भरा. एका बाजूने सलग भरत गेलात की सांगाडा तिकडे ओढला जातो आणि चार पायांपैकी एक कायम हवेत राहतो. पाइपच्या उघड्या तोंडांना प्लास्टिकच्या टोप्या. त्या नसल्या की कुंभारीण आत घर करते.

भंगार_दर्दी

सीटसाठी अल्टो किंवा मारुती ८०० ची पुढची, ड्रायव्हर बाजूची. रेल (सीट ज्यावर मागे-पुढे सरकते ती पट्टी) सीटसोबतच मागा, नंतर सुटी रेल मिळत नाही. घेण्याआधी जमिनीवर ठेवून मागे-पुढे सरकवा: दोन्ही बाजूंचं लॉक एकाच वेळी पडतंय का ते बघा. एकच पडत असेल तर प्रत्येक ब्रेकला सीट तिरकी होऊन कटकट आवाज येणार. पाय जेवढ्या जोराने पेडल ढकलतो तेवढ्याच जोराने पाठ सीट मागे ढकलते, म्हणून रेलचे चारही बोल्ट हवेत. समोरच्या दोन बोल्टखाली ३०-४० मिमीचे तुकडे घालून सीट मागे कलती करा, नाहीतर ब्रेक दाबताना माणूस पुढे घसरतो. फोममध्ये उंदरांनी घर केलेलं नाही ना, तेही हात घालून बघा.

ओहम_परभणी

लोडसेलचं. पेडलखाली ५ मिमी एमएस प्लेट घाला आणि तिच्या पुढच्या टोकाला मागून ते ३५० चे तिरके टेकू द्या. हा टेकू वाचवू नका, बाकी कुठेही काटकसर करा. प्लेटला २० अंशांच्या आसपास चढ ठेवा. जी२९ चा बेस आणि पेडल दोन्ही एम६ बोल्टने खालून बसतात. भोकात काडी घालून खोली मोजा, तिच्यात प्लेटची जाडी मिळवा, बोल्ट त्याहून लांब नको. लांब बोल्ट तळाला टेकतो. तुम्हाला वाटतं कसला, पण पेडल सैलच असतं.

१०० किलोचा लोडसेल, त्याचा सिग्नल वाचणारा एचएक्स७११ बोर्ड आणि तो यूएसबीने पीसीला देणारा प्रो मायक्रो हा अर्डुइनो बोर्ड. अर्डुइनोचाच ऊनो घेऊ नका, तो पीसीला जॉयस्टिक म्हणून दिसत नाही. स्वस्त एचएक्स७११ बहुधा सेकंदाला १० वाचनांवर सेट होऊन येतो, ब्रेक ढेकळासारखा लागतो. चिपची १५ नंबरची पिन ग्राउंडवरून उचलून व्हीसीसीला जोडली की ८० होतात. दाबल्यावर आकडा उलटा गेला तर लोडसेलच्या ए प्लस आणि ए मायनस या दोन वायरी अदलाबदल करा. पेडल आणि लोडसेलच्या मध्ये शॉकॅबचा (गाडीच्या शॉक अॅब्सॉर्बरचा) रबर बुश हवाच, नाहीतर भिंतीला लाथ मारल्यासारखं वाटतं. असा वेगळा यूएसबी ब्रेक पीसीवर चालतो, प्लेस्टेशनवर नाही.

थर्डगिअर_लातूर

पाइप पक्का, १४ गेज. ओहमभाऊ, एक शंका. उन्हाळ्यात पीसीच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. लोखंडी सांगाड्यात बसल्यावर हे वाढेल का?

ओहम_परभणी

वाढेल, आणि लोडसेलचा आकडाही नाचेल. एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) आतले कपॅसिटर फेज-न्यूट्रलमधून कॅबिनेटवर साधारण ११५ व्होल्ट आणून ठेवतात. प्रवाह अगदी कमी असतो, पण अर्थिंग नसेल तर तो तुमच्यातून जातो. आधी एक्स्टेन्शनला दोन पिनांचा अडॅप्टर तर नाही ना ते बघा, निम्म्या वेळा दोष तिथेच सापडतो. मग मल्टीमीटरने सॉकेटमध्ये न्यूट्रल ते अर्थ मोजा. १-२ व्होल्ट असतील तर ठीक. १० च्या वर गेले तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. आपल्या काळ्या मातीला एप्रिलनंतर भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो, म्हणून झिणझिण्या उन्हाळ्यातच. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी. न्यूट्रलला अर्थ जोडून देतो म्हणणारा कोणी आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. सांगाड्यालाही रिंग लग (वायरच्या टोकाची बोल्टखाली कसायची कडी) लावून अर्थची हिरवी वायर द्या आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवा.

भंगार_दर्दी

त्या लगखालचा रंग घासून काढा. रेड ऑक्साइड प्रायमरवर लग कसला तर अर्थ लागतच नाही.

गुण्या_ग्राइंडर

मॉनिटरचं राहिलं. २७ इंची स्क्रीन डोळ्यांपासून ६० सेंमीवर ठेवली तर आडवा कोन ५३ अंश, उभा ३१. असेटो कोर्सा या रेसिंग गेमच्या सेटिंगमध्ये दृश्याचा (एफओव्ही) उभा कोन भरायचा असतो, तिथे ५३ टाकलंत तर वळण कायम आहे त्यापेक्षा लांब वाटेल.