वाड्यावरची मंडळी : ओजसचा आइस हॉकी कॅम्प

सुमनताई (सांगली), सायं. ७:४२
सतीश, व्हिडिओ पाहिला. त्या दांडगटाने ओजसला फळीवर आपटलंय आणि तू खाली टाळ्या पाठवतोस? पंधरा वर्षांचं पोर आहे ते. आणि गळ्याला पट्टा होता का? मला दिसला नाही.

विनू, ७:४४
पुढच्या मे महिन्यात गोट्यांचा कॅम्प लावा त्याला 😄

नाना, ७:४५
हॉकी म्हणजे ध्यानचंद. बर्फावरचं आपल्या अंगाला झेपायचं नाही, हे मी आधीच म्हटलं होतं. ऐकतंय कोण.

सतीश (ब्रॅम्प्टन, कॅनडा), ७:५१
ताई, ओजस ठीक आहे. लगेच उठून पुढच्या रांगेत उभा राहिला. तो धक्का नियमातला आहे, बॉडी चेक म्हणतात. इथे स्पर्धेच्या हॉकीत अंडर-फिफ्टीनपासून चालतो. तो घ्यायचा कसा हेही शिकवतात. फळीला, म्हणजे बर्फाच्या मैदानाभोवतीच्या कडेला, एकतर चिकटून राहायचं नाहीतर पुरतं लांब. तीन-चार फुटांवर थांबलं की डोकं फळीवर जातं आणि मान दुखावते. आज बर्फावर पहिला अर्धा तास तेच चाललं होतं.

सुमनताई, ७:५३
मान दुखावते हे तूच लिहिलंस. पट्टा होता का?

केतकी (पुणे), ७:५६
काका, आत्या उगाच नाही घाबरत. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये शेफील्डला सामना चालू असताना ॲडम जॉन्सन या हॉकीपटूचा गळा स्केटच्या पात्याने कापला गेला आणि तो गेला. ती बातमी आत्यानेच इथे टाकली होती, तेव्हा तुम्ही कोणी उत्तर दिलं नव्हतं.

मीनल (ब्रॅम्प्टन), ८:०२
ताई, पट्टा असतोच. इथे मुलांच्या हॉकीत तो सक्तीचा आहे. जर्सीत झाकला गेला म्हणून दिसला नसेल.

सुमनताई, ८:०३
नसेल म्हणजे? फोटो पाठव.

मीनल, ८:०४
मुलांच्या कपडे बदलायच्या खोलीत फोन चालत नाही ताई. बाहेर आला की पाठवते.

सतीश, ८:१०
सकाळपासूनचं सांगतो. सहाला घर सोडलं. आधी उंची-वजन, मग उभ्या जागेवरून उडी, मग सायकल. ३० सेकंद, जीव खाऊन. विंगेट म्हणतात. एनएचएल म्हणजे इथली सगळ्यांत मोठी व्यावसायिक लीग, तिच्या निवडीआधी अमेरिकेत बफेलोला मोठ्या मुलांची घेतात तीच चाचणी. उतरल्यावर दोन मुलं बादलीत ओकली. ओजस नाही ओकला, पण जिना उतरताना माझा खांदा धरला. वर्षभरात पहिल्यांदा.

नाना, ८:१३
ह्या ओकाऱ्यांचे किती घेतात?

नाना, ८:१४
विचारतोय कारण वाड्याच्या कौलांचे तुझ्या वाटणीचे मार्चपासून राहिलेत. ७ जूनला पाऊस दारात. स्केटला असतात, कौलांना नसतात.

सतीश, ८:१५
नाना, हे इथे नको.

मीनल, ८:१९
नाना, आदर ठेवून विचारते. हिशोब निघालाच आहे तर पडवीच्या भाड्याचाही निघू दे. तीन वर्षांत आम्ही एकदाही विचारलेलं नाही.

विनू, ८:२०
पडवी निघाली. मी अढीतले आंबे फिरवायला चाललो 🥭

सुमनताई, ८:२१
भांडणं नंतर. पट्ट्याचा फोटो.

केतकी, ८:२६
काका, यात आपल्याकडचं कोणी वर पोचलंय का?

सतीश, ८:३४
पोचलेत. रॉबिन बावा १९८९ मध्ये एनएचएल खेळला, भारतीय वंशाचा पहिला. आताचा अर्शदीप बैन्स. त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, कोणीच घेतलं नव्हतं. मग २०२१-२२ ला वेस्टर्न या ज्युनियर लीगमध्ये गोल आणि गोलला केलेली मदत मिळून ११२ गुण, सगळ्यांत जास्त. तेव्हा एनएचएलच्या व्हँकुव्हर संघाने करार केला आणि २०२४ मध्ये तो एनएचएलच्या बर्फावर उतरला.

सतीश, ८:३९
हे मला तोंडपाठ आहे, त्याला कारण आहे. ओजसचं नाव ह्या वर्षीच्या ओंटॅरिओ ज्युनियर लीगच्या ड्राफ्टमध्ये आलं नाही. २० संघ, एकानेही घेतलं नाही. सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत स्क्रीनसमोरून हलला नाही, जेवलाही नाही. हा कॅम्प आमंत्रणावरचा आहे. घेतलेली मुलं आधीच आत आहेत, ह्याला उरलेल्या एखाद्या जागेसाठी झगडायचंय. आम्ही कोणाला बोललो नव्हतो.

नाना, ८:५०
हे आधी सांगायचं होतं.

सतीश, ८:५१
काय सांगणार होतो नाना.

सुमनताई, ८:५२
माझ्याकडे तरी बोलायचं. मी रोज फोन करते.

विनू, ८:५५
विनूने हा मेसेज काढून टाकला

विनू, ८:५६
गोट्यांचं चुकलंच. ओजसला सांगा, काका बघतोय.

नाना, ९:०८
चेंडूऐवजी ती चकती असते, तिचं वजन किती?

सतीश, ९:१२
१५६ ते १७० ग्रॅम. भरीव रबर. सामन्याआधी गोठवून ठेवतात, म्हणजे उसळत नाही, बर्फावर सपाट जाते.

नाना, ९:१३
म्हणजे क्रिकेटच्या चेंडूएवढी. लागत असणार.

सुमनताई, ९:४०
पट्टा?

सतीश, रात्री ११:०५
आता तिघं विरुद्ध तिघं चाललंय, बर्फाच्या एका टोकालाच. जागा कमी म्हणून विचार करायला वेळच नाही. पाऊण मिनिटात बदली. ओजसने कोपऱ्यातून दोनदा चकती काढली. ह्या वेळी फळीला चिकटून होता ताई, मी बघत होतो.

सुमनताई, ११:०६
बरं केलं. जागी आहे मी.

मीनल, ११:५२
📷 फोटो

मीनल, ११:५२
आत्या, मी ओजस. मी बोलतोय, आई लिहितेय. हा बघ पट्टा. काळा आहे म्हणून दिसला नाही. लागलं नाही मला. सायकल खूप वाईट होती. उद्या परत आहे, उद्या मॅच. नानाकाकांना सांग, चकती माझ्या पायाला लागली पण पॅड होतं.

सुमनताई, ११:५४
दिसला रे राजा. मागची पट्टी सैल वाटते. मीनल, बोट आत जातंय का बघ.

मीनल, ११:५६
एक बोट जातं ताई. उद्या घट्ट लावते.

नाना, ११:५८
कौलांचं रविवारी बोलू, पडवीचंही. पोर जेवलं का?

सुमनताई, ११:५९
उद्या निघताना परत फोटो टाक. पट्टा लावलेला.