क्ष² चा सहगुणक वाढला की पॅराबोला अरुंद का होतो?

पूर्वभागातली आई
मुलगा अकरावी सायन्सला आहे. मी घरी टॉवेलला शिवण मारते, शिक्षण बारावी. रात्री त्याच्यासोबत आलेखाचा कागद घेऊन बसते. काल य = क्ष² काढला, मग य = ४क्ष². मला वाटलं क्ष² च्या आधीचा आकडा, म्हणजे सहगुणक, वाढला की पॅराबोलाची वाटी पसरणार, तर ती उलट चिंचोळी झाली! आणि य = क्ष²/४ परातीसारखा पसरला. पोरगा म्हणतो, "आई, नियम आहे, पाठ कर." पाठ करून माझं समाधान होईना. कुणी कारण सांगाल का?

निवृत्त मास्तर, जुळे सोलापूर
ताई, पाठ केलं नाहीत ते बरं झालं. त्याच कागदावर ४ च्या उंचीला आडवी पट्टी ठेवा. य = क्ष² ला तिथं पोचायला मधल्या रेषेपासून २ घरं बाजूला जावं लागतं, य = ४क्ष² ला एकच. सहगुणक चढ वाढवतो, म्हणून त्याच उंचीवर रुंदी कमी भरते. चौपट सहगुणकाला रुंदी निम्मी, कारण क्ष चा वर्ग आहे.

काढताना तळापासून एकेक घर बाजूला सरका आणि वर १, ३, ५ घरं चढा. सहगुणक ४ असेल तर ४, १२, २०. वजा असेल तर तेवढीच खाली, वाटी पालथी.

आता नळाला पाणी येईल त्या दिवशी पाइप कमरेइतका, १ मीटरवर आडवा धरा. धार म्हणजे पालथ्या पॅराबोलाची एक बाजू. पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर असेल तर सहगुणक साधारण −१.२, धार ९० सेंटिमीटरवर पडते. अंगठा दाबून वेग ४ मीटर केला की सहगुणक −०.३, धार १ मीटर ८० वर. वेग दुप्पट, सहगुणक चौथाई. फळ्यावर सांगून पोरांना पटेना, तेव्हा मी त्यांना शाळेच्या बागेत नेलं आणि फरशीवर खडूने खुणा करायला लावल्या. एक मुलगी भिजलेल्या परकरानं धावत आली, "सर, लांब धारेचा आकडा बारीक!" अजून आठवतं.

झेरॉक्सवाला
य = ४क्ष² चा आलेख चारी बाजूंनी चौपट मोठा केला तर य = क्ष² च मिळतो. सगळे पॅराबोला मुळात एकाच आकाराचे, लहानमोठे.

पूर्वभागातली आई
पट्टी ठेवून बघितलं, पटलं! पण य = क्ष² − ४क्ष + ३ मध्ये नुसता पहिला आकडा २ केला तर तळच सरकला की ओ, (२, −१) वरून (१, १) वर.

निवृत्त मास्तर, जुळे सोलापूर
सरकणारच. य = अक्ष² + बक्ष + क असं लिहिलं तर तळ क्ष = −ब/(२अ) वर असतो, त्यात अ बसलाय. दोन्ही वक्र (०, ३) मधून जातात बघा, आणि तिथला उतारही दोन्हींचा −४ च. तळ हलवायचा नसेल तर य = अ(क्ष − २)² − १ असं लिहा आणि मग अ बदलत जा.