कॅटामरानच्या ट्रॅम्पोलिनची जाळी पक्की कशी बांधावी?

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही दोघा मित्रांनी गेल्या वर्षी एक जुनी ३६ फुटी फायबरची कॅटामरान (दोन समांतर सांगाडे जोडलेली शिडाची होडी) घेतली असून ती सध्या पावसाळ्यासाठी गोव्यात किनाऱ्यावर ओढून ठेवली आहे. दोन हलच्या, म्हणजे त्या दोन सांगाड्यांच्या, मधल्या मोकळ्या जागेत, पुढच्या आडव्या बीमपर्यंत जी जाळी (ट्रॅम्पोलिन) ताणलेली असते, तिचे धागे उन्हाने इतके कुजले आहेत की नखाने खरवडल्यास बोटाला पांढरी भुकटी लागते. मे महिन्यात पुढचे शीड उतरवताना माझा एक पाय कोपऱ्यातून मांडीपर्यंत खाली गेला. होडी तेव्हा नांगरावर होती. ती चालू असती तर काय झाले असते, हा विचार अजून मनातून जात नाही.

मोकळी जागा ३ मीटर रुंद आणि सुमारे अडीच मीटर लांब आहे. तिन्ही बाजूंना स्क्रूने बसवलेल्या स्टेनलेसच्या कड्या आहेत, तर पुढच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बीमवर खाचेची पट्टी आहे. जाळी कोणत्या धाग्याची घ्यावी, दोरी चारही बाजूंनी एकच सलग ओवावी की तुकड्यांत, आणि ताण किती द्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. ओळखीच्या एकाने मासेमारीचे नायलॉनचे जाळे दुहेरी करून लावण्याचा सल्ला दिला आहे. दसऱ्याच्या सुमारास होडी पाण्यात उतरवायची असून दोन लहान मुलेही सोबत असतात.

वेलदूरकर

मासेमारीचे जाळे लावू नये. आमच्या घरी तीन पिढ्या जाळी विणली आणि दुरुस्त केली गेली, म्हणून हे खात्रीने लिहितो. नायलॉन ओझ्याखाली फार ताणले जाते, भिजल्यावर त्याची ताकद काहीशी घटते आणि सततच्या उन्हात ते लवकर ठिसूळ होते. शिवाय प्रत्येक गाठ अनवाणी पायाला टोचते आणि घासून तिथेच आधी तुटते. दुहेरी केल्याने यातला एकही दोष जात नाही.

शीडदोर

वरील मताशी पूर्ण सहमत आहे. गाठी नसलेली, विणीची पॉलिएस्टर जाळी घ्यावी. मुले असल्यामुळे तिची भोके त्यांचे पाऊल अडकणार नाही इतकी बारीक असावीत. मात्र अगदी घट्ट विणीचे कापड टाळावे, कारण नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, आलेली लाट जाळीतून लगेच खाली गेली नाही तर तिचे सारे वजन आणि धक्का कड्यांवर येतो. जाळीच्या चारही कडांना जाड दोर शिवलेला असावा आणि बांधणी त्या दोराला धरून करावी, नुसत्या जाळीच्या भोकांना धरून नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. संपूर्ण कडेला एकच सलग दोरी ओवणे सोपे आणि दिसायला नीटनेटके असते, परंतु ती एका जागी घासून तुटली की सैलपणा पुढे सरकत जातो आणि पाहता पाहता एक अख्खी बाजू उघडते. म्हणून ५ किंवा ६ मिलिमीटरची पॉलिएस्टरची विणलेली दोरी घेऊन दर चार-पाच कड्यांनंतर ती गाठ मारून संपवावी आणि पुढे नवा तुकडा सुरू करावा. असे केले की एक तुकडा गेला तरी भोक हातभरच पडते, आणि ते डोळ्यांना दिसतेही. डायनिमा या कृत्रिम धाग्याची दोरी अधिक मजबूत असते खरी, पण ती गुळगुळीत असल्याने साध्या गाठी तिच्यात सरकतात. ती वापरायची असेल तर टोके लांब ठेवून जास्तीचे वेढे द्यावेत.

ताणाबाबत बहुतेक जण चुकतात. जाळी ढोलासारखी ताणलेली असावी असे वाटते, पण हिशेब करून पाहा. तुमच्या ३ मीटर रुंदीच्या मध्यभागी ८० किलोचा माणूस उभा राहिला आणि जाळी ३० सेंटिमीटर खाली गेली, तर जाळीची एक पट्टी धरून प्रत्येक बाजूला साधारण २०० किलोचा ओढा येतो. तीच जाळी इतकी ताणली की फक्त १५ सेंटिमीटर झुकते, तर ओढा ४०० किलोवर जातो. प्रत्यक्षात तो अनेक कड्यांत वाटला जातो, तरी दुपटीचे प्रमाण तेच राहते. त्यामुळे चालताना पाय किंचित दबेल इतकाच ताण द्यावा. आधी चारही कोपरे सैलसर बांधावेत, मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने, मध्यापासून कोपऱ्यांकडे, दोन-तीन फेऱ्यांत ताणत जावे. जाळी प्रत्येक बाजूने दोन-तीन इंच लहान शिवून घ्यावी. ती अंगासरशी असेल तर पुढे ताणायला जागाच उरत नाही.

मांडवीकाठ

आपले मनापासून आभार. आज कड्या तपासल्या. डावीकडच्या तीन कड्यांचे स्क्रू हाताने फिरतात आणि त्यांच्याभोवतीचा डेक दाबल्यावर किंचित मऊ लागतो. स्क्रू थोडे जाड घेतले तर चालेल का?

शीडदोर

कृपया तसे करू नये. स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरून फायबरच्या दोन थरांमधला गाभा कुजला असावा, आणि जाड स्क्रू त्याच कुजक्या भागात बसेल. मऊ झालेला गाभा काढून टाकावा, आत पूर्ण कोरडे होऊ द्यावे, पोकळी घट्ट केलेल्या इपॉक्सीने (वाळून कडक होणाऱ्या राळेने) भरावी आणि ती वाळल्यावर त्यातून नवे भोक पाडून आरपार बोल्ट टाकावेत, खालून रुंद धातूची पट्टी देऊन. कडी ३१६ प्रतीच्या स्टेनलेसची असावी आणि दोरी जिथे टेकते तिथली तिची धार कानशीने गोल करावी. उरलेल्या कड्याही एकेक उघडून पाहाव्यात, कारण तीन खराब झाल्या असताना बाकीच्या ठणठणीत असतील असे धरून चालणे योग्य नाही. पुढच्या बीमवर स्टेनलेसचा स्क्रू थेट अ‍ॅल्युमिनियमला लागत असेल, तर खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते. मध्ये गंजरोधक लेप द्यावा.

वेलदूरकर

बांधून झाल्यावर मुलांना वर जाऊ देण्याआधी २० लिटरचे पाण्याने भरलेले चार कॅन मध्यभागी एक रात्र ठेवावेत आणि सकाळी प्रत्येक गाठ पाहावी. पहिल्या सफरीनंतर दोरी हमखास थोडी सैलावते, तेव्हा पुन्हा ताणावी. आणि सुरक्षा पट्ट्याचा हुक जाळीला किंवा तिच्या दोरीला कधीही अडकवू नये. त्यासाठी डेकवर वेगळी दोरी लांबवर बांधून ठेवावी.