तुंगनाथ-चंद्रशिला एका दिवसात

आई-बाबांना घेऊन हरिद्वारहून थेट चोपता (उत्तराखंडात, चढाई इथूनच सुरू होते) आणि लगेच दुसऱ्या पहाटे चंद्रशिला (तुंगनाथच्या वरचं शिखर) असा प्लॅन लिहिलाय तुम्ही, तर प्लीज मधे एक मुक्काम उखीमठला टाकाच. चोपता २७०० मीटरच्या आसपास आणि तुंगनाथचं शंकराचं मंदिर ३६८० च्या, म्हणजे साडेतीन-चार किमीत हजारभर मीटर चढ, वाट फरसबंद आहे म्हणून सोपी वाटते पण धाप लागतेच, घाई अजिबात नको. पुढे चंद्रशिलेची वाट कच्ची नि चांगलीच उभी, आईबाबांना मंदिरापाशीच बसूदे. नंदादेवी, चौखंबा ही शिखरं बघायची तर सकाळीच वर पोचा, नंतर ढग येतात. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तारखा नक्की चेक करा, त्या सुमारास मंदिराचं कपाट (म्हणजे दरवाजे) बंद होतं आणि हिवाळाभर देव खाली मक्कूमठ गावी असतात.