मुंबईची ट्राम: १९६४ साली बंद केली ते बरोबर की चूक?

धागा
३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. ९ मे १८७४ ला ती घोड्यांवर सुरू झाली, ७ मे १९०७ पासून विजेवर धावू लागली. 'ट्रामने रस्ता अडवला' असं सर्रास सांगतात, ते मला पटत नाही. रुळांवर घुसल्या त्या मोटारी.

प्रतिसाद १
असहमत. ट्रामला बाजूने निघता येत नाही हा मुख्य दोष. काळबादेवीसारख्या अरुंद रस्त्यावर एक हातगाडी रुळावर अडकली की मागच्या सगळ्या गाड्या थांबणार. मोटरमन घंटा वाजवण्यापलीकडे काय करणार? शिवाय रूळ रस्त्याच्या मधोमध, म्हणजे उतारू थेट रहदारीत उतरणार.

दुसरं, वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांतून परत जाते. दोन रुळांच्या सांध्यावर तांब्याचा बाँड, म्हणजे दोन्ही रूळ विजेने जोडणारी तार, असते. हा बाँड तुटला की वीज जमिनीतून वाट काढते, जवळच्या पाण्याच्या लोखंडी पाइपात शिरते. ती जिथे पाइपातून बाहेर पडते तिथलं लोखंड झिजून भोक पडतं. मग खोदा रस्ता! पावसाळ्यात रुळाच्या खोबणीत चिखल बसतो, तो वेगळाच.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)
बाँडचा मुद्दा बिनचूक, पण त्याला इलाज आहे. सांध्यावरचा व्होल्टेज ड्रॉप (व्होल्टेजमधली घट) तेवढ्याच लांबीच्या सलग रुळाशी ताडून बघायचा. बराच जास्त आला तर बाँड गेला. सांधे वेल्ड केले की प्रश्न बहुतेक मिटतो.

आणि रूळ हेच दुखणं असेल तर ट्रॉलीबसचं, म्हणजे वरच्या तारांवर चालणाऱ्या विजेच्या बसचं काय? तिला रूळ नव्हते, म्हणून तारा दोन लागत. वाटेत अडथळा आला तर ती थोडी बाजूनेही निघे. तरी १९६२ ला आली आणि १९७१ ला गेली.

प्रतिसाद ३
दोघांचंही अर्धं बरोबर. कोलकात्यात १९०२ पासून विजेची ट्राम होती. मैदानालगत रूळ रस्त्यापासून वेगळे, तिथे गाडी मोकळी धावे. तीच गाडी गर्दीच्या रस्त्यात शिरली की रखडे. म्हणजे प्रश्न राखीव पट्ट्याचा. काळबादेवीत तो काढणं अशक्यच, तिथली ट्राम जाणार होतीच. पण परळहून दादर टी.टी.कडे (ट्राम टर्मिनसकडे) जाणारा रस्ता रुंद आहे, तिथे कठडा घालून रूळ वेगळे करता आले असते.

प्रतिसाद १
परळ-दादरपुरतं मान्य. पण तेवढ्या तुकड्यासाठी डेपो, सबस्टेशन आणि तारा सांभाळायच्या, हा खर्च कोण उचलणार होतं?