पद्मिनीची पुढची काच: जुनं रबर ठेवून सिलिकॉन मारू का?

उद्यमनगरवाला

मंडळी, सल्ला हवाय. वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी आता माझ्याकडे आहे, कोल्हापुरात. पुढच्या काचेला ड्रायव्हरच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून तडा गेलाय आणि तो रोज थोडाथोडा वर सरकतोय. दगडबिगड काही लागला नाही, गाडी शेडमध्येच उभी होती. गेल्या पावसाळ्यात त्याच कोपऱ्यातून पाणी आत यायचं, क्लचपाशी डबकं साचायचं. काचवाला म्हणतो, "रबर चांगलं आहे, तेच ठेवू. नवी काच टाकतो, वरून चारी बाजूंनी सिलिकॉन मारतो, थेंब येणार नाही." ऐकायला बरं वाटतं, पण मन घेत नाही. जूनच्या आत काम उरकायचंय. काय करू?

आठशेवाला

मारा की सिलिकॉन. माझ्या मारुती ८००ला मारलंय, काही होत नाही. उगाच खर्चात पडू नका.

गॅरेजकाका

उद्यमनगरवाले, काचवाल्याला आधी थांबवा.

दगड न लागता तडा कोपऱ्यातून निघालाय आणि पाणीही तिथूनच येतंय. म्हणजे रबराखाली पत्रा गंजलाय, असं मी न बघता सांगतो. पत्र्याची जी कड रबराच्या खाचेत बसते ती गंजली की फुगते, आणि काचेच्या कडेला एकाच ठिकाणी दाब येतो. लॅमिनेटेड काच (दोन काचांमधे प्लॅस्टिकचा पातळ थर असलेली) मधे बऱ्यापैकी सोसते, पण कडेला टोचलं की गेली. (काच लॅमिनेटेड आहे हे कशावरून? टफन्ड (तापवून कडक केलेली एकेरी काच) असती तर तडा सरकत बसला नसता, एकदम खडीसाखर होऊन मांडीवर आली असती.) आता त्याच फुगलेल्या कडेवर नवी काच बसवलीत तर तीही तिथूनच तडकणार. सहा महिन्यांनी की सहा दिवसांनी, एवढाच प्रश्न.

सिलिकॉनचं म्हणाल तर माझा त्यावर जुना राग आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं त्यातलं बरंचसं व्हिनेगरसारखा वास मारतं. तो आम्लाचा वास, उघड्या पत्र्याला ते आम्ल खातं. शिवाय वरून थर बसला की आत शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाटही बंद. आणि पुढे कधी रंगाचं काम काढलंत तर पेंटर तुमचा उद्धार करेल, कारण सिलिकॉन लागलेल्या जागी रंग धरत नाही, बारीक खड्डे पडतात. नव्या गाड्यांची काच पीयूने (पॉलियुरेथेनच्या गोंदाने) थेट पत्र्याला चिकटवतात, तेही इथे नको. आपल्या गाडीत पाणी अडवायचं काम रबराचं. ते नीट बसलं असेल तर मॅस्टिक (फटीत भरायचा मऊ चिकट लगदा) फक्त मदतीला.

वायपरचे हात काढा. जुनं रबर सरळ ब्लेडने कापा, वाचवत बसू नका. चाळीस वर्षांचं रबर दिसायला चांगलं असलं तरी ओठ (खाचेच्या कडा) कडक झालेले असतात, ते पत्र्याला घट्ट धरत नाहीत. क्रोमची पट्टी मात्र जपून काढा, वाकली की तशी सरळ होत नाही. काच निघाली की पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. भोकं असतील तर डेंटरकडून नवा तुकडा वेल्ड करून घ्या. पुट्टीने बुजवू देऊ नका, हे त्याला दोनदा सांगा. वर इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा अस्तराचा थर), मग रंग, आणि रंग पूर्ण वाळू द्या. घाई केलीत तर रबर ओल्या रंगात रुतेल.

मग रबर न लावता नवी काच नुसती धरून बघा. चारी बाजूंनी फट सारखी दिसली पाहिजे. कुठे पत्रा वर आला असेल तर हलक्या हातोडीने आत्ताच बसवा, नंतर ते जमत नाही. ही पायरी काचवाले हमखास गाळतात.

रबर आधी काचेवर चढवा, सांधा असेल तर तो खाली मधोमध. पत्र्याच्या बाजूच्या खाचेत नायलॉनची बारीक दोरी सगळीकडून फिरवा, दोन्ही टोकं खाली मधोमध वीतभर एकमेकांवरून ओलांडून गाडीच्या आत सोडा. भरपूर साबणाचं पाणी. एकजण बाहेरून तळव्याने दाबतो (मूठ मारायची नाही), दुसरा आत बसून दोरी काचेच्या मध्याकडे हळूहळू ओढतो. दोरी निघते तसा रबराचा आतला ओठ कडेवरून उडी मारून आत येतो. आधी खालची बाजू, मग कोपरे, शेवटी वर. अडलं तर जोर नाही, पुन्हा साबण. काम दुपारच्या उन्हात करा, रबर मऊ राहतं.

साबणाचं पाणी पूर्ण सुकलं की प्लॅस्टिकच्या पट्टीने बाहेरचा ओठ उचलून न सुकणारं मॅस्टिक भरा: काच आणि रबर यांच्यामधे, मग रबर आणि पत्रा यांच्यामधे. बाहेर आलेलं रॉकेलच्या फडक्याने पुसा.

ठाणेकर

काका, काच मिळते कुठे आता? ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. गिऱ्हाईकच नाही तर दुकानदार माल कशाला भरून ठेवील?

गॅरेजकाका

कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारा, पुण्यात नाना पेठेत. टॅक्सीवाल्यांसाठी घेतलेला माल पडून असू शकतो. पण घेताना काच सपाट जागी उभी धरून कडा बोटाने तपासा, टवका असेल तर फुकटही नको. रबर घेताना दुमडून बघा, घडीवर बारीक भेगा दिसल्या तर ते रबर दुकानातच म्हातारं झालंय.

उद्यमनगरवाला

काका, आज काच काढली. कोपऱ्यात पत्र्याचे पापुद्रे निघाले, करंगळी जाईल एवढं भोक. डेंटर उद्या येतोय. काम झाल्यावर गळती कशी तपासू? आणि नंतर लगेच चालवली तर चालेल?

गॅरेजकाका

पाइपचं पाणी हलक्या धारेने खालून सुरू करा, मग हळूहळू वर. आधीच टपावर ओतलंत तर पाणी कुठून शिरलं ते कळणार नाही. आत डॅशबोर्डवर वर्तमानपत्र पसरा, ओला डाग नेमकी जागा दाखवतो. काचेचा कोपरा कोरडा असून पायाशी पाणी आलं तर वायपरच्या दांड्यांखालची रबरं बघा. तिथलं पाणीही त्याच वाटेने खाली येतं आणि शिव्या काचेला बसतात.

चालवा, पण पहिले काही दिवस एक खिडकी थोडी उघडी ठेवून दार लावा. सगळ्या काचा बंद करून दार आपटलं की आतली हवा नव्या काचेला बाहेर ढकलते. घरच्यांनाही सांगून ठेवा.