वायमारचं नाट्यगृह म्हणजे उधळपट्टी?

रंगपीठ: "जर्मनीतल्या पासष्ट हजार वस्तीच्या वायमारला सरकारी पैशावर नाटक, ऑपेरा, वाद्यवृंद कशाला? मराठी नाटक तिकिटावर जगतं," हे काल इथे वाचलं आणि डोकं फिरलं. १७९१ पासून तब्बल सव्वीस वर्षं तिथलं नाटक कवी-नाटककार गटेने चालवलं. वाग्नरच्या 'लोहेनग्रिन' ऑपेराचा पहिला प्रयोग १८५० मध्ये संगीतकार लिस्टने तिथेच केला. १९१९ मध्ये जर्मनीची राज्यघटना त्याच प्रेक्षागृहात मंजूर झाली. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं, आणि १९४८ मध्ये गटेच्या वाढदिवशी पडदा पुन्हा वर गेला! लोकांना धड घरं नव्हती तेव्हा.

हिशोबी: गटेचं नाट्यगृह १८२५ मध्येच जळालं, राज्यघटनेची इमारत १९०८ ची. आणि गटे गेला का, तेही लिहा. रंगमंचावर शिकवलेला कुत्रा आणायला त्याचा विरोध होता. ड्यूकने कुत्रा आणला, १८१७ मध्ये गटेला जावं लागलं. पैसा दरबारचा, तर मर्जीही दरबारची. नाझींची बुखेनवाल्डची छळछावणी त्याच गावाला लागून होती. काय केलं तुमच्या संस्कृतीने?

विंगेतून: मी पंधरा वर्षं लाइटचं सामान टेम्पोत घालून दौरे करतोय. 'तिकिटावर जगतं' म्हणणाऱ्यांनी एकदा रात्री दोनला सेट उतरवायला यावं. आणि वायमारच्याच दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झने विजयाबाई मेहतांबरोबर 'अजब न्याय वर्तुळाचा' हे मराठी नाटक उभं केलं, ते कुणाच्या पैशावर?

मोगरा७२: नाटकाचं राहू द्या, आपल्याकडच्या स्वच्छतागृहांचं बोला. गेल्या महिन्यात आईला घेऊन गेले. तिचे गुडघे गेलेत. मध्यंतरात बायकांच्या बाजूला कुलूप, किल्लीवाला चहाला गेलेला. दुसरा अंक आम्ही रिक्षात घालवला. आई म्हणाली, "पुन्हा नको गं." चाळीस वर्षं नाटकं बघणारी बाई!

विंगेतून: ताई, कलाकारांच्या खोल्यांतही तेच. मुली प्रयोगाच्या दिवशी पाणी पीत नाहीत.

हिशोबी: म्हणजे सरकारने चालवलं की असं होतं. माझाच मुद्दा.

रंगपीठ: नाही! बहीण वायमारजवळच्या येना शहरात असते, तिच्याबरोबर वायमारला गेले होते. काठी टेकत आलेल्या आजी कोट ठेवायच्या खिडकीशी निवांत उभ्या होत्या, पुढच्या रांगेत शाळेची पोरं. तेही सरकारीच आहे.

हिशोबी: परदेशातली कौतुकं पुरे. बेनेविट्झचं मान्य, पण तो पैसा पूर्व जर्मनीचा. आमच्या नगरपालिकेने आधी नळाला पाणी आणावं.

मोगरा७२: आणा. आणि तेव्हा त्या कुलपाची किल्लीही दारापाशी ठेवा.